एकाच नावाची दोन पार्टिशने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नियमित मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून, जुना पण धडधाकट संगणक मोडीत काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून पाहावी, असा सल्ला वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक सदरांतून वारंवार वाचायला मिळतो. सल्ला चांगलाच आहे. विंडोज पुसून न टाकता तिच्या शेजारी लिनक्स ठेवावे, म्हणजेच ड्यूअल बूट करावे, ही शिफारसही नवख्या माणसासाठी शहाणपणाची आहे. मात्र अशा लेखांत एक वाक्य हमखास डोकावते. डिस्क ज्या स्वतंत्र भागांत विभागलेली असते त्यांपैकी विंडोज परत मिळवण्यासाठी राखलेला भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, सहसा कोणी वापरत नाही, त्यामुळे लिनक्सला जागा अपुरी पडत असेल तर ते खुशाल काढून टाकावे, अशा अर्थाचे ते वाक्य असते. हे पत्र केवळ त्या एका वाक्याविषयी आहे, कारण त्याच्यावर विसंबून मी एकदा चांगलाच अडचणीत आलो होतो.

विंडोज ७ च्या काळातला माझा लॅपटॉप होता. सी ड्राइव्ह आकसून मी साठ जीबी जागा मोकळी केली, लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू केला आणि पाहतो तो काय, त्या साठ जीबीपुढे ‘निरुपयोगी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला. जागा मोकळी आहे, पण वापरता येत नाही, याचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही. मी डिस्कवर काय काय आहे ते पाहिले. शंभर-दोनशे एमबीचे एक सिस्टिम पार्टिशन, मग सी, मग पंधरा जीबीचे रिकव्हरी आणि शेवटी निर्मात्याच्या चाचणी-साधनांचे शंभर एमबीचे एक चिमुकले पार्टिशन, अशी एकूण चार पार्टिशने होती. पंधरा जीबीवाले सर्वांत बिनकामाचे वाटले म्हणून ते उडवले. लिनक्स बिनबोभाट बसले आणि दीड वर्ष सारे सुरळीत चालले. त्यानंतर एके सकाळी विंडोज उघडेना. संगणक चालू होताना ज्या बटणाने कारखान्यातली मूळ अवस्था परत आणता येते, ते दाबले तर काहीच घडले नाही. सोबत सीडी आलेली नव्हती. परवान्याचा क्रमांक ज्या चिकटपट्टीवर छापला होता, ती लॅपटॉपच्या पोटाला मांडीवर घासून घासून पांढरी झाली होती, आणि पंचवीसपैकी जेमतेम अर्धी अक्षरे वाचता येत होती.

चूक माझीच होती, आणि ती नेमकी काय होती हे समजायला मला आणखी काही दिवस लागले. त्या काळच्या डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता एमबीआर पद्धतीचा असे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये तो कोंबलेला असतो आणि त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या अवघ्या चार नोंदी मावतात. पाचवे पार्टिशन हवे असेल तर त्या चारपैकी एक नोंद ‘विस्तारित’ प्रकारच्या पार्टिशनला द्यावी लागते आणि मग त्याच्या पोटात हवी तेवढी तार्किक पार्टिशने करता येतात. लिनक्स तार्किक पार्टिशनवरूनही उत्तम चालते. म्हणजे मला जागा नकोच होती, साठ जीबी जागा माझ्याकडे मोकळीच होती. मला हवा होता तो चारपैकी एक खाना. खान्याच्या हिशोबात पंधरा जीबीचे पार्टिशन आणि शंभर एमबीचे पार्टिशन यांची किंमत सारखीच. शेवटच्या चिमुकल्या पार्टिशनमधल्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ते काढले असते आणि त्या खान्यात विस्तारित पार्टिशन केले असते, तर काम झाले असते. मी आकार पाहिला, खाना पाहिला नाही.

आता यातला बराचसा भाग इतिहासजमा झाला आहे. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून विंडोजसह विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांत यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारी नव्या पद्धतीची मूळ आज्ञावली, आणि जीपीटी पद्धतीचा तक्ता असतो, ज्यात विंडोज १२८ पार्टिशनांपर्यंतच्या नोंदी ठेवते. तिथे खाना रिकामा करण्यासाठी कशाचाही बळी देण्याचे कारण उरत नाही. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून, गुणधर्मांच्या ‘व्हॉल्यूम्स’ या पानावर दिसते, आणि लिनक्सचा विचार मनात येताच सर्वप्रथम हे पाहावे. तरीही लेखांमधले वाक्य मात्र जुन्या काळातून जसेच्या तसे पुढे चालत आले आहे, आणि मधल्या काळात रिकव्हरी या शब्दाचा अर्थच दुभंगला आहे, ही माझी खरी तक्रार आहे.

आजच्या संगणकावर रिकव्हरी या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी सापडतात. पहिली लहान, काहीशे एमबी ते एक जीबीच्या आसपासची. तिच्यात विंडोजची एक छोटी, स्वतंत्रपणे सुरू होऊ शकणारी आवृत्ती असते, जिला विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट किंवा थोडक्यात विनआरई म्हणतात. सलग दोन-तीनदा विंडोज उघडण्यात अपयश आले की जो निळा पडदा आपोआप येतो आणि दुरुस्ती, कमांड प्रॉम्प्ट, नुकतेच आलेले अद्यतन काढणे, संगणक रीसेट करणे असे पर्याय समोर ठेवतो, तो इथूनच येतो. दुसरी गोष्ट मोठी, दहा-वीस जीबी किंवा त्याहूनही अधिक जागा अडवणारी. तिच्यात निर्मात्याने कारखान्यात भरलेली संपूर्ण विंडोज, तिचे ड्रायव्हर आणि सोबतची त्याची स्वतःची सॉफ्टवेअर असतात. पहिली म्हणजे हत्यारांची पेटी, दुसरी म्हणजे कोऱ्या मालाचा साठा. ड्यूअल बूट करणाऱ्याने या दोहोंशी अगदी वेगळ्या रीतीने वागले पाहिजे, पण डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीवर बहुतेकदा दोन्हींवर ‘हेल्दी (रिकव्हरी पार्टिशन)’ एवढेच लिहिलेले असते. नाव नाही, अक्षर नाही. त्यावर उजवी क्लिक केली तर मेनूत ‘हेल्प’ हा एकच शब्द येतो, आणि त्यावर क्लिक केल्यावर जे उघडते त्यात या पार्टिशनबद्दल काहीही नसते. ज्याने ही पट्टी पहिल्यांदाच पाहिली त्याने ओळखायचे तरी कसे?

ओळखण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंट-सी’ ही आज्ञा तिच्या ‘इन्फो’ या पर्यायासह (reagentc /info) द्यावी. विनआरई चालू आहे की बंद आणि ते कितव्या डिस्कच्या कितव्या पार्टिशनवर आहे, हे ती दोन ओळींत सांगते. जो क्रमांक तिने सांगितला तो हत्यारांच्या पेटीचा. उरलेले मोठे पार्टिशन बहुधा निर्मात्याचा साठा असते.

आता यांपैकी काय ठेवावे आणि काय काढावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते रूढ सल्ल्याच्या बरेचसे उलट आहे. जुन्या, विंडोज ७ च्या पिढीतल्या संगणकावर निर्मात्याचा साठा म्हणजे सर्वस्व होते, कारण विंडोज परत मिळवण्याचा घरातला तोच एक रस्ता होता. नव्या संगणकावर त्याचे महत्त्व पुष्कळ उतरले आहे. विंडोज १० पासून ‘रीसेट’ या सोयीला विंडोजची वेगळी साठवलेली तयार प्रत लागत नाही, ती सी ड्राइव्हवरच्याच सिस्टिम फाइलींतून विंडोज नव्याने उभी करते, आणि २०२० च्या आवृत्तीपासून त्या फाइली थेट इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा पर्यायही आला आहे. विंडोज ८ पासून निर्माते परवान्याचा क्रमांक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच नोंदवू लागले, त्यामुळे चिकटपट्टी घासली गेली तरी विंडोज पुन्हा बसवताना तो आपोआप वाचला जातो. तेव्हा जागेची खरोखरच चणचण असेल तर मोठे पार्टिशन काढायला माझी हरकत नाही, पण त्याआधी विंडोजमधलेच ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हे साधन वापरून निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा आणि, हे फार कोणी करत नाही, त्या पेन ड्राइव्हवरून संगणक एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहावा. जो पेन ड्राइव्ह कधी लावूनच पाहिला नाही, त्याच्या भरवशावर काहीही पुसू नये. पेन ड्राइव्हवर आधी असलेल्या फाइली या कामात जातात, हेही ध्यानात असावे.

लहान पार्टिशन मात्र काढू नये. त्याने वाचणारी जागा क्षुल्लक असते, आणि नवी प्रणाली शेजारी आणून बसवण्याच्या काळातच दुरुस्तीची हत्यारे लागण्याचा संभव सर्वाधिक असतो.

त्याला सरकवूही नये, निदान लिनक्सकडून तरी नाही. सी आकसल्यावर मोकळी जागा सी आणि विनआरई यांच्या मधोमध तयार होते, कारण विनआरई बहुतेकदा डिस्कच्या शेपटाला असते. लिनक्स त्या मधल्या जागेत सुखाने राहते. पण नीटनेटकेपणाची हौस असलेल्या माणसाला विंडोजची दोन पार्टिशने आणि त्यांच्यामध्ये लिनक्स ही मांडणी खुपते, आणि तो जी-पार्टेडसारख्या साधनाने विनआरई उचलून सीला चिकटवून ठेवतो. मीही हे केले आहे. दिसायला सगळे छान दिसते. पण विनआरई कुठे आहे हे विंडोज एका छोट्या नोंद-फाइलीत लिहून ठेवते, आणि त्या नोंदीत पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून किती अंतरावर सुरू होते तो आकडा असतो. पार्टिशन हलले की आकडा चुकतो, आणि विनआरई आपल्या जागी सुखरूप असूनही विंडोजला ते सापडत नाही. याचा पत्ता ज्या दिवशी दुरुस्तीचा पडदा हवा असतो त्याच दिवशी लागतो.

मग ते नेहमी जिथे आहे तिथेच राहू द्यावे काय? इथे थोडे थांबून सांगावे लागेल, कारण ड्यूअल बूट करणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण याच मुद्द्यापाशी उभी राहते. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी एक सुरक्षा अद्यतन दिले. बिटलॉकरचे, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप विनआरईच्या वाटेने चुकवता येईल अशी एक फट त्याने बुजवायची होती, आणि त्यासाठी विनआरईच्या पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागा असणे आवश्यक होते. असंख्य संगणकांवर ती नव्हती, आणि लोकांना शून्य-एक्स-८००७०६४३ एवढा गूढ आकडा दाखवून अद्यतन फसत राहिले. कंपनीने सांगितलेला उपाय असा होता की विनआरई तात्पुरते बंद करावे, सी २५० एमबीने आकसावा, जुने रिकव्हरी पार्टिशन पुसावे, आणि सीतून सुटलेली जागा अधिक जुनी जागा यांत ते नव्याने करावे. सी आणि विनआरई शेजारी शेजारी असतील तर हा उपाय सरळ आहे. मधे लिनक्स असेल तर सीतून सुटलेले २५० एमबी लिनक्सच्या अलीकडे आणि पुसलेल्या पार्टिशनची जागा लिनक्सच्या पलीकडे, असे दोन तुकडे होतात आणि ते एकमेकांना जोडता येत नाहीत. ज्यांनी डोळे झाकून सूचना पाळल्या असतील त्यांच्याकडे २५० एमबीची एक अशी फट उरली असेल की जिच्यात विनआरई मावत नाही.

म्हणून ज्याला ड्यूअल बूट करायचे आहे त्याने हे काम लिनक्स बसवण्याच्या आधी, डिस्क अजून विंडोजच्या एकटीच्या ताब्यात असतानाच उरकावे. ‘इन्फो’ने ज्याचा क्रमांक सांगितला ते विनआरईचे पार्टिशन सहाशे-सातशे एमबीपेक्षा लहान असेल, तर ते एक जीबीचे करून घ्यावे, आणि ते सीच्या लगेच पुढे ठेवावे. विनआरईचे पार्टिशन विंडोजच्या पार्टिशनला लागूनच असावे, अशी मायक्रोसॉफ्टचीही शिफारस आहे, म्हणजे पुढे वाढवायची वेळ आली तर सीतून जागा काढून देता येते. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम रीएजंट-सीने विनआरई बंद करावे. बंद करताच विनआरईची मूळ फाइल विंडोज स्वतःच सी ड्राइव्हवरच्या रिकव्हरी फोल्डरमध्ये आणून ठेवते, आणि ती तिथे खरोखर आली आहे ना, हे पाहिल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. हे न करता पार्टिशन थेट पुसले तर ती फाइल जाते आणि नंतर विंडोजच्या इन्स्टॉलेशन माध्यमातून उकरून काढावी लागते. फाइल हाती आली की डिस्क-पार्ट या आज्ञाप्रणालीतून जुने पार्टिशन पुसावे. साध्या आज्ञेने ते पुसले जात नाही, ‘ओव्हरराइड’ जोडावे लागते. मग सी आकसून त्याच्या पुढ्यात एक जीबीचे नवे पार्टिशन करावे, एनटीएफएसने फॉरमॅट करावे, आणि त्याचा प्रकार रिकव्हरी असा नोंदवावा. जुन्या एमबीआर डिस्कवर हा प्रकार म्हणजे २७ हा आकडा असतो, जीपीटीवर ३२ आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळख असते, जी मायक्रोसॉफ्टच्या सूचनांतून जशीच्या तशी उतरवून घ्यावी, हाताने टंकू नये. शेवटी विनआरई पुन्हा चालू करावे आणि ‘इन्फो’ पुन्हा एकदा विचारावे. त्यात नवा पार्टिशन क्रमांक दिसला की मगच लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावावा. हे सर्व अर्ध्या तासाचे काम आहे.

याच अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट साधून घ्यावी. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांवर मालकाच्या नकळत डिस्क कूटबद्ध झालेली असते. फर्मवेअरमधले सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बदलले किंवा सुरू होण्याच्या साखळीत नवा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि विनआरईतली हत्यारेही सी उघडण्यासाठी तीच की मागतात. म्हणजे पार्टिशन नीट जपले आणि की जपली नाही तर सारी मेहनत पाण्यात. ती की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथून ती कागदावर उतरवून घ्यावी, सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि एकदा मोठ्याने वाचून पडताळावी. त्याच संगणकावरच्या फाइलीत ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको, पण मी ते केलेले लोक पाहिले आहेत. जलद सुरुवातीची सोय, म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’, हीदेखील बंद करावी. ती चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट निजते, आणि अशा निजलेल्या सी ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही.

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर वरचे सर्व व्यर्थ, हे उघड आहे. यूईएफआयचे शंभर एमबीच्या आसपासचे पार्टिशन दोन्ही प्रणालींनी मिळून वापरायचे असते, तेव्हा तिथे फॉरमॅटच्या चौकटीत खूण नाही ना, एवढे पाहावे.

मोठे पार्टिशन ठेवलेच असेल तर त्याचा एक धोका उलट दिशेने येतो, त्याचा उल्लेख मी अजून कुठे वाचलेला नाही. माझ्या त्या जुन्या लॅपटॉपनंतर घरात आलेल्या दुसऱ्या संगणकावर मी शहाणा होऊन निर्मात्याचा साठा जपून ठेवला. लिनक्स बसल्यावर ग्रबच्या, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या बूटलोडरच्या, काळ्या पडद्यावर विंडोजच्या दोन ओळी आल्या, कारण ग्रबच्या मदतनिसाला दुसरे पार्टिशनही एक विंडोजच वाटले. घरातल्या एका लहानग्याने दुसरी ओळ निवडली. कारखान्यातली मूळ अवस्था आणण्याचा पडदा उघडला आणि त्याने ‘पुढे’ हे बटण दोनदा दाबलेही. तिसऱ्या दाबाआधी मी खोलीत आलो, हे नशीब. बहुतेक निर्मात्यांची ही पुनर्स्थापना सी ड्राइव्हपुरती मर्यादित राहत नाही, ती अख्खी डिस्क पहिल्या दिवसासारखी करते आणि त्यात लिनक्स आणि त्यातले सगळे काम न विचारता जाते. म्हणून ग्रबच्या यादीतून ती ओळ काढून टाकावी किंवा तिला कोणी चुकूनही निवडणार नाही असे नाव द्यावे, आणि लिनक्समधल्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. डिस्कच निकामी झाली तर तिच्यावरची कोणतीही रिकव्हरी, लहान काय नि मोठी काय, तिच्यासोबतच जाणार.

निर्मात्यांकडून माझी मागणी फार नाही. लॅपटॉपच्या खोक्यात वॉरंटीच्या पुस्तिकेइतकाच एक कागद असावा आणि त्यावर डिस्कवरची पार्टिशने क्रमाने, आकारासह आणि कोणते कशासाठी आहे ते एकेका ओळीत लिहिलेले असावे. तो कागद मिळेपर्यंत वाचकांनी डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीचा, काहीही बदलण्याआधी, फोनवर एक फोटो काढून ठेवावा.

आपल्याकडून मागणी याहूनही लहान आहे. ड्यूअल बूटवरचा पुढचा लेख छापताना रिकव्हरी पार्टिशन काढून टाकण्याविषयीच्या त्या वाक्याच्या जागी दोन वाक्ये यावीत, एक लहान पार्टिशनविषयी आणि एक मोठ्याविषयी. जागेअभावी दोन बसत नसतील, तर ते जुने वाक्य तेवढे गाळावे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक